ऊन दाखवलेल्या सहा बाटल्या

तेवीस वर्षं मी थुंकण्याचा पगार घेतला. वाईनचा घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर, जिभेखाली, गालांच्या आत फिरवायचा, नाकानं हळूच श्वास सोडायचा आणि शेजारच्या स्टीलच्या बादलीत थुंकून टाकायचा. मग वहीत लिहायचं. हुमनाबादेत, हायवेवरच्या लॉरींचे हॉर्न ऐकू येतील एवढ्या अंतरावर बसून मी हे काम केलं. कारखान्यात मी ‘केमिस्ट बाई’ होते, गावात ‘दारूच्या कारखान्यातली’.

आमचं घर बौद्ध. पाचव्या शीलाची, म्हणजे दारूला न शिवण्याची, पाटी दारावर नसली तरी सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्यांत ती स्पष्ट वाचता यायची. पहिल्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या.

“गिळतीस का थुकतीस?”

“थुकते, आत्याबाई.”

“समदं?”

“समदं.”

“मग शील ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या, “पर चूळ भरून घरात येत जा.”

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि माझ्याएवढं शहाणं माणूस बिदर जिल्ह्यात दुसरं नव्हतं. दुबलगुंडीची पोरगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, म्हणजे यापुढं रसायनशास्त्र तिला विचारूनच वागेल, असा माझा समज. आधी दहा वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलेली. तिथं शिकलेला एकच धडा मी पदराला बांधून आणला होता: जुनं म्हणजे खराब. ऊस तोडला की चोवीस तासांत गाळा, नाहीतर गेला.

वाईनचंही बहुतेक तसंच असतं, हे आधी कबूल करते. यीस्ट नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव द्राक्षाच्या रसातली साखर खातो आणि तिची दारू करतो. तांबड्या वाईनला रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून आणि बियांतून. अशा शंभरातल्या नव्वद वाईन वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. पण थोड्या अशा असतात, की त्यांच्यात तुरटपणा आणि आंबटपणा ठासून भरलेला असतो. हे दोघे दारात काठी घेऊन बसलेले राखणदार. पहिली काही वर्षं ते कुणाला जवळ येऊ देत नाहीत. आणि ते बसलेत तोवर आतला सुगंध म्हातारा होत नाही, मुरत राहतो. पुढं तुरटपणाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, गाळ होऊन तळाशी बसतात. राखणदार थकून झोपी जातात आणि दार आपोआप उघडतं. जुन्या लिंबाच्या लोणच्याची काळी फोड ज्यानं तापातल्या जिभेला लावली आहे, त्याला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

गिऱ्हाइकांना मात्र सांगावं लागे. राजेश्वर गावचे एक आजोबा दर महिन्याला येऊन “रक्तवाढीची” बाटली मागत आणि दिवसातून किती चमचे घ्यायची ते मला विचारत. हैदराबादहून आलेल्या एका नवरीच्या बापानं सगळ्यांत महाग वाईन हातात धरून विचारलं होतं, “मॅडम, यात सोडा किती, बर्फ किती?” मी इतक्या तुच्छतेनं त्याच्याकडं पाहिलं की बिचाऱ्यानं नुसतीच घेतली. आता आठवलं की लाज वाटते. कारण त्याच वर्षी मी जे केलं, त्यापुढं बर्फ म्हणजे पुण्यच.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, चिडले की दखनी. द्राक्ष निर्यातीच्या कामानं ते एकदा इटलीला गेले, उत्तरेकडच्या डोंगरातल्या कुणा शेतकऱ्याच्या तळघरात एक पेला प्याले, आणि परत आले ते अर्धेच. अर्धे तिथंच राहिले असावेत. येताना एक लाकडी पेटी आणली. तिच्यात बारोलोच्या बारा बाटल्या, एकाच मळ्यातल्या, एकाच वर्षाच्या. बारोलो म्हणजे नेबिओलो नावाच्या द्राक्षाची वाईन. त्या डोंगरांत शरदात धुकं उतरतं, बाकीचे मळे रिकामे होतात, आणि हे द्राक्ष त्या धुक्यात एकटंच पिकत राहतं. हे सांगताना अण्णा खिडकीबाहेर पाहायचे. खिडकीबाहेर ट्रकांचे टायर विकणारं दुकान होतं. पण त्यांना धुकं दिसायचं, आणि खरं सांगते, थोड्या वेळानं मलाही.

त्यांनी जांभ्या दगडात चाळीस पायऱ्या खाली तळघर खोदून घेतलं होतं. वर ऊन कातडी सोलायचं आणि खाली शाल पांघरावी लागायची. थंडाव्याचं यंत्र मंद घरघरत असे, भिंती ओलसर, दिवा पिवळा. त्या खोलीत आवाजसुद्धा हळू निघायचा.

बेत असा होता. दर दोन वर्षांनी, आपल्याकडची तोडणी आटपली की बारोलोची एक बाटली उघडायची आणि ती कशी वयात येते ते पाहायचं. बारा बाटल्या म्हणजे जवळजवळ दोन तपांची शाळा. शाळा कशासाठी? तर राजेश्वरजवळ अण्णांनी चार एकरांत इटलीचीच दुसरी जात लावली होती, सांजोवेजे, आपलं ऊन जरा सोसणारी. तिची वाईन पिंपांत होती. ही पाहुणी आमच्या तळघरात नीट वयात आली, तर आपली वाईनही तशीच ठेवून बघायची. नाही जमलं, तर वेली उपटायच्या आणि खायची द्राक्षं लावायची. अण्णांचं सगळं स्वप्न त्या बारा बाटल्यांच्या भरवशावर आडवं पडलं होतं.

पहिली बाटली उघडली तेव्हा मी नवीकोरी. पेल्यात ओतल्यावर मला वाटलं, एवढाच रंग? फिकट, आरपार दिसणारा. नेबिओलो रंगानं फसवते, हे कुणाला ठाऊक! वास घेतला तर आधी गुलाब, आणि त्याच्या मागून चक्क नव्या रस्त्यावरचं डांबर. घोट घेतला आणि बाभळीची साल चघळल्यासारखं तोंड आवळलं.

“अण्णा, ही बिघडलीय,” मी निदान केलं.

अण्णा डोळे मिटून होते. “बिघडली न्हाई, अक्का. झोपायलीय. झोपेतनं उठवलं तर कोण बी चिडतंयच.”

मी वयानं लहान, तरी ते मला अक्काच म्हणत. मी वहीत लिहिलं: ‘नमुना नाकारावा.’

आता त्या दसऱ्याबद्दल. आमच्याकडं तो धम्मचक्राचा दिवस, पण त्याआधीची झाडलोट सगळ्यांची सारखीच. घरातलं सगळं बाहेर काढायचं, धुवायचं आणि ऊन दाखवायचं. गोधड्यांना ऊन, डाळींना ऊन, लोणच्याच्या बरण्यांना ऊन. उन्हानं कीड मरते, बुरशी जाते, माल वर्षभर टिकतो. हे शास्त्र माझ्या हाडात होतं, बी.एस्सी. त्याच्या कितीतरी वर. अण्णा बेंगळुरूला गेलेले. तळघराची राखण शांताक्काकडं. पन्नाशीची बाई, मोजकं बोलणारी, कितीही अंधारात कुठलं पिंप कुठं ते हातानं ओळखणारी. घर तिच्या एकटीच्या कमाईवर चाललेलं. तिनं मला खाली बोलावलं.

“बाई, बाटल्यायला बुरशी यायलीय बगा.”

लेबलांवर पांढरी लव, बुचाच्या टोपणावर काळपट डाग. चांगल्या तळघरात असं होतंच, आणि ते चांगलंच असतं. पण माझ्यातली सुगरण जागी झाली.

“वर ने. ऊन दाखवू या.”

“अण्णायला विचारायचं न्हाई?”

“तुरीच्या डाळीला ऊन दाखवताना विचारतीस का कुणाला?”

शांताक्कानं टोपलीत सहा बाटल्या घेतल्या, डोक्यावर ठेवल्या आणि चाळीस पायऱ्या चढली. मी स्वतः ओल्या फडक्यानं त्या पुसल्या आणि गच्चीवर ओळीनं उभ्या केल्या, भोवती चटई. ऑक्टोबरचं ऊन. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मधे दोनदा जाऊन मी त्यांची तोंडं फिरवली, सगळीकडून सारखं लागावं म्हणून! पापडालासुद्धा इतक्या मायेनं कुणी उलटलं नसेल.

उरलेल्या पाच दुसऱ्या दिवशी न्यायच्या होत्या. सकाळीच अण्णा आले, म्हणून त्या वाचल्या. सहा बाटल्या शांताक्कानं आदल्या संध्याकाळीच खाली नेऊन बाकीच्यांत नीट लावल्या होत्या. अकराच्या अकरा सारख्या.

मी काय केलं ते मला तीन आठवड्यांनी कळलं, अण्णांच्या कपाटातलं एक पुस्तक चाळताना. ऊन वाईनला मारतं. सात तासांच्या उन्हानं तिची वीस वर्षं एका दिवसात जाळून टाकली. ती मरते, पण बाटली तशीच दिसते. मी पुस्तक मिटलं आणि शांताक्काकडं गेले. तिचा चेहरा राखेसारखा झाला. “माझी नौकरी जाईल, बाई.” मी म्हणाले, “कुणाला कळणार नाही.” तिच्यासाठी गप्प बसले असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं कारण वेगळं. केमिस्ट बाईनं वाईनला वाळवण केलं, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

दुसरी बाटली उघडायची वेळ आली तेव्हा मी न बघताच एक उचलली. नशिबानं हाताला न तापलेली लागली. राखणदार अजून दारात होते, पण काठी जरा सैल धरलेली. गुलाब जवळ आला होता. अण्णा दिवसभर गुणगुणत होते.

चौथ्या वर्षी तिसरी. बूच निघालं आणि वासावरूनच मला कळलं. शिळी काकवी, उकळलेले मनुके, आणि त्यापलीकडं काहीच नाही. अण्णांनी घोट घेतला, पेला ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“गेली,” ते म्हणाले. “चार वर्षांत म्हातारी होऊन गेली. आपल्या मातीला सबर न्हाई, अक्का. हितं काय बी मुरत न्हाई, नुसतं करपतं.”

मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी वहीत लिहिलं: ‘नमुना थकलेला.’

शनिवारी टँकर आला. चार वर्षं मुरत ठेवलेली सांजोवेजे, सगळी पिंपं, दुसऱ्या कुणा कारखान्यात मिसळायला म्हणून निघून गेली. मी फाटकाशी उभी राहून टँकर हायवेला लागताना पाहिला. सोमवारी वेली उपटायला राजेश्वरच्या मळ्यावर जेसीबी जाणार होतं.

रविवारी मी कारखान्यात गेले. शांताक्का आधीच तळघरात बसली होती, जणू तिलाही माहीत होतं. उरलेल्या नऊ बाटल्या मी एकेक करून टॉर्चसमोर धरल्या. चार वर्षांत एकदाही हे करायची मला हिंमत झाली नव्हती, आणि ते किती सोपं होतं! तापलेली वाईन फुगते, बूच केसभर वर ढकलते, थेंबभर झिरपते. पाच बाटल्यांचं टोपण चिकट होतं. चारांचं कोरडं.

“आता?” शांताक्का म्हणाली.

“आता काय. कोरडी एक नेऊन अण्णांपुढं उघडते. त्यांना पटेल. बाकी सांगायची गरज नाही.”

शांताक्कानं चिकट टोपणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “मग त्यायला वाटंल, हिचं काय खरं न्हाई. कधी चांगली, कधी वाईट. असल्या वाईनीवर कोण चार एकर ठेवतंय?”

चौथी शिकलेल्या त्या बाईनं माझ्या पदवीची एवढी सोपी उत्तरपत्रिका तपासून दिली.

मी दोन बाटल्या घेतल्या, एक कोरडी, एक चिकट. अण्णा घरच्या ओसरीवर होते. दोन पेले भरले. चिकट आधी दिली. त्यांनी तोंड वाकडं केलं. मग कोरडी. त्यांचा हात थांबला. त्यांनी दोन्ही पेले उजेडाकडं धरले.

“एकाच पेटीतल्या?”

“व्हय.”

“एकाच खोलीत?”

“एक दिवस सोडून,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. चटईसकट. तोंडं फिरवल्यासकट.

अण्णांनी एवढंच विचारलं, “वर कोणी नेल्या?”

“मी.”

“सहाच्या सहा?”

“व्हय.”

“चाळीस पायऱ्या?”

“व्हय, अण्णा.”

“खोटं बोलायल्यात,” दारातून आवाज आला. शांताक्का माझ्या मागोमाग आली होती. “टोपली माझ्या डोक्यावर होती. ह्यायला दोन बाटल्या घेऊन दहा पायऱ्या चढवत न्हाईत.”

अण्णा आधी दखनीत काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग उठून आत गेले. आम्ही दोघी उभ्या. आत फोनवर त्यांचा आवाज ऐकू आला: “जेसीबी नक्को. व्हय, नक्को म्हणायलोय.” बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्याकडं पाहिलं नाही.

“आठ दिवस मी मातीला शिव्या द्यायलोय,” ते म्हणाले. “आन् गेलेला टँकर?”

त्या पिंपांतली वाईन कशी झाली असती, हे मला कधीच कळणार नाही. काही सकाळी जाग येताना ती माझ्या जिभेवर असते. मग मी पूर्ण जागी होते आणि ती जाते.

नोकरी दोघींचीही राहिली. उरलेल्या चार तापलेल्या बाटल्या अण्णांनी तळघराच्या दारातच मांडल्या आणि वर चिठ्ठी लावली: ‘केमिस्ट अक्कांचं लोणचं’. पाहुणे आले की तिथूनच सुरुवात.

कोरड्या तीन मात्र आम्ही पुढं पंधराएक वर्षांत, फार अंतरानं उघडल्या. त्या कशा होत्या हे सांगायला शब्द कमी पडतात, तरी सांगते. रंग माणकासारखा होता तो हळूहळू विटेकडं झुकला, आणि शेवटच्या बाटलीत पेल्याच्या कडेला थेट जांभ्या दगडाचा. गुलाब ताजे राहिले नव्हते. दर्ग्यावरच्या चादरीतले, दुसऱ्या दिवशीचे, सुकू लागलेले, आणि म्हणून जास्त खोल. डांबर विरत गेलं, त्याच्या जागी कमावलेलं कातडं, पावसानंतरची अळंबी, जुन्या पेटीचं लाकूड. बाभळीची साल कुठंच नव्हती. घोट थुंकल्यावरही तो तोंडात चालत राहायचा, एखादा माणूस लांब ओसरीवरून सावकाश निघून जावा तसा. ती शेवटची बाटली आम्ही तिघांनी मिळून संपवली. माझे केस पांढरे झाले होते. शांताक्काचे तर केव्हाच. मी मनात म्हटलं, बाई, तू हिला कोवळी असताना नाकारलं होतंस. बरं झालं तिनं तुझं वाचलं नाही.

आमच्या सांजोवेजेला मात्र लवकर यश आलं नाही. एका वर्षी गारा, एका वर्षी तोडणीच्या तोंडावर अवकाळी, एका वर्षी नुसतीच मिळमिळीत. मग एक हिवाळा असा आला की माघ संपला तरी गारठा हलेना, आणि द्राक्षं वेलीवर निवांत पिकली. त्या वर्षीची वाईन बाटल्यांत भरून आम्ही आडवी ठेवली. बारा वर्षं हात लावायचा नाही, असं अण्णांनी ठरवलं.

बारा वर्षं झाली तेव्हा माझी निवृत्ती आली. पण मधल्या काळात कोरोना येऊन गेला होता, आणि जाताना अण्णांचं नाक घेऊन गेला. चहा आणि गरम पाणी सारखंच, म्हणायचे. औषधं झाली, व्यायाम झाले, वास परतला नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, ज्यानं एका सुगंधासाठी अर्धं आयुष्य वाट पाहिली, त्याच्या हातात पेला, आणि पेल्यात त्याच्यापुरतं नुसतं ओलं पाणी.

माझ्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही खाली उतरलो. अण्णांना दोन्हीकडून धरून, चाळीस पायऱ्या. शांताक्का आता सत्तरी ओलांडलेली, खास बोलावलेली. तिनंच बूच काढलं. अण्णांनी पेला दिव्यासमोर धरला. रंग तर त्यांना दिसत होता. मग त्यांनी तो माझ्याकडं सरकवला.

“माझं नाक आता तुम्ही. बोला.”

मी वास घेतला. सुकलेली चेरी म्हणणार होते, पण अण्णांनी तसली चेरी किती वेळा खाल्ली असणार? म्हणून म्हटलं, “वाळलेली बोरं, अण्णा. तंबाखूचं कोरडं पान. पहिल्या पावसाआधीची जांभी माती.”

ते डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते. मी घोट घेतला, फिरवला. “तुरटपणा मऊ झालाय. आंबटपणा आहे, पण टोचत न्हाई. मधोमध भरलेली आहे.”

“चांगलंच सांगायलाव सगळं,” अण्णा म्हणाले. डोळे अजून मिटलेले. “निरोपाच्या दिवशी कोण वाईट बोलतंय? मला एक सांगा. अजून दहा वर्षं जाईल का ही?”

शांताक्का माझ्याकडं पाहत होती. समोर तीनशे बाटल्या आडव्या होत्या, आणि अण्णांना दहा हा आकडा ऐकायचा होता. तो मी दिला असता तर त्यांना कधी कळलंही नसतं. मी पुन्हा एक घोट घेतला, शेवटपर्यंत त्याच्या मागं गेले. तो छान होता. पण जिथं बारोलो चालत राहिली होती, तिथं हा थांबला.

“न्हाई, अण्णा,” मी म्हणाले. “दोन वर्षं. लईच झालं तर तीन. आत्ता जी आहे ती हिची सगळ्यांत चांगली वेळ. यापुढं उतरत जाईल.”

यंत्र घरघरत होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. त्यांनी हात पुढं केला, माझ्या हातातला पेला घेतला आणि वास नसलेली ती वाईन सावकाश प्याले.

“मग बोरं खरी,” ते म्हणाले. “माती बी खरी.”